सक्ती शाळेची, काळजी कुणाची?

टाइप वन मधुमेह झालेल्या मुलाला दिवसातून निदान दोनदा, बहुधा चारदा इन्सुलिन टोचून घ्यावे लागते, बोटातून थेंबभर रक्त काढून साखर पाहावी लागते, ठरल्या वेळी खावे लागते, आणि अकराच्या सुमारास अचानक हात थरथरू लागले, घाम फुटला, डोके चालेनासे झाले, तर भर तासाला उठून तीन चमचे साखर तोंडात टाकावी लागते. घरी हे सारे आई पाहते. शाळेच्या वेळात ते कोणी पाहायचे, या प्रश्नाला भुदरगड तालुक्यातल्या वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत उत्तर नाही; आणि गारगोटीसारख्या तालुक्याच्या गावी, जिथे ग्रामीण रुग्णालय आहे, पंचायत समितीची कचेरी आहे, देशभर नावाजलेली शिक्षणसंस्था आहे, तिथेही शाळेच्या फाटकाच्या आत ते सापडत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत परिचारिका हे पद मंजूरच नाही. ही उणीव आजच्या काळाची, नव्या आजारांची वाटते. प्रत्यक्षात ती सव्वाशे वर्षे जुनी आहे, आणि ती भरून काढण्याचा मार्ग या अवधीत एकदा नव्हे तर अनेकदा सापडून पुन्हा हरवला आहे.

१८९७च्या प्लेगात पुण्यातल्या मुलांनी सरकारी आरोग्यव्यवस्थेचे जे रूप पाहिले ते घरात घुसणाऱ्या सोजिरांचे होते: झडती, छावणी, जाळलेले सामान. त्याच दिवसांत मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या, आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. हा प्रसंग आपण त्यागाची गाथा म्हणून सांगतो, आणि तो तसा आहेच. पण त्यात एक पायंडाही दडलेला आहे, ज्याचे ओझे महाराष्ट्रातला शिक्षक अजून वाहतो आहे. व्यवस्था जिथे नसते तिथे शिक्षकाची पाठ पुढे होते, समाज त्या पाठीला वंदन करतो, आणि वंदन करून झाल्यावर व्यवस्था उभारायची राहून जाते.

त्याच सुमारास पश्चिमेकडच्या महानगरांत एक वेगळा प्रयोग आकार घेत होता. इंग्लंडने १८८०मध्ये शाळेतली उपस्थिती सक्तीची केली आणि लंडनच्या गरीब वस्त्यांतली मुले प्रथमच सरकारच्या नजरेसमोर रांगेने बसली. ती बसल्यावर दिसले की त्यांच्या डोक्यात उवा आहेत, अंगावर खरूज आहे, कान वाहताहेत. १८९२मध्ये एमी ह्यूज ही परिचारिका ड्ररी लेनच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा त्यामागे कायदा नव्हता, दातृत्व होते. कायदा आला १९०७मध्ये, आणि तोही दयेपोटी आला असे म्हणवत नाही: बोअर युद्धाच्या भरतीत इतके तरुण शरीराने अपात्र ठरले की साम्राज्याला आपल्या शाळकरी पोरांच्या छात्या मोजाव्याशा वाटल्या. न्यूयॉर्कची कथा अधिक बोधक आहे. तिथे शाळांत डॉक्टर तपासणीला येत, संसर्ग दिसला की मुलाला घरी धाडत, आणि मूल गल्लीत खेळत राही, कारण घरी उपचार करणारे कोणी नसे. तपासणी जितकी काटेकोर, वर्ग तितके रिकामे. १ ऑक्टोबर १९०२ रोजी लीना रॉजर्स या परिचारिकेला चार शाळा सोपवण्यात आल्या. ती जखमा धुई, मलम लावी, संध्याकाळी घरी जाऊन आईला समजावी, आणि मूल दुसऱ्या दिवशी वर्गात असे. वर्षभरापूर्वी महिन्याला दहा हजारांहून अधिक मुले घरी पाठवणाऱ्या त्या शहरात १९०३च्या सप्टेंबरात हा आकडा अकराशेच्या आसपास आला. डॉक्टरांची विद्या वाढली नव्हती, औषधही नवे नव्हते. नवे काय होते, तर तपासणीनंतर मुलाजवळ थांबणारे माणूस. जपानने हा धडा आपल्या पद्धतीने पक्का केला: १९०५मध्ये गिफू प्रांतात खुपऱ्यांच्या साथीसाठी नेमलेल्या शालेय परिचारिकांची परंपरा वाढत वाढत १९४१मध्ये थेट शिक्षकवर्गात सामील झाली, आणि आज तिथल्या शाळेत आरोग्याची शिक्षिका मुख्याध्यापकाइतकीच गृहीत धरलेली असते.

आपल्याकडे पहिले पाऊल उचलले ते एका मराठी राजाने. सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात १९०६मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९०९मध्ये बडोदे शहरातल्या शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली, ती हिंदुस्थानातली पहिली मानली जाते. सक्ती आणि तपासणी यांत इंग्लंडमध्ये सत्तावीस वर्षांचे अंतर पडले. बडोद्यात तीन वर्षांचे. आठ वर्षांनी, १९१७मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया लक्षात घेतला तर या दंडात केवढा निग्रह होता ते कळते. पण दंडाचा हा कागद दोन्ही बाजूंनी वाचता येतो. बापाचा हक्क मागे सारून राज्य जेव्हा मुलाला आपल्या छपराखाली बोलावते, तेव्हा त्या पाच-सहा तासांपुरते पालकत्व राज्याकडे येते. मूल तिथे आजारी पडले तर उत्तरदायी कोण, हा प्रश्न सक्तीच्या पोटातच जन्मतो. शाहू महाराजांना ही जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही: १९०१च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून त्यांनी वसतिगृहांची जी माळ उभी केली, तिच्यामागे विद्यार्थ्याला बुद्धीबरोबर पोटही असते हे ज्ञान होते. पण कायद्यानंतर दुसऱ्याच वर्षी इन्फ्लुएन्झाची साथ मुंबई इलाख्यावर कोसळली, आणि १९२२मध्ये महाराज गेले. वसतिगृहात जे उमगले होते ते गावच्या शाळेपर्यंत झिरपायला जितका काळ लागला असता, तितका मिळाला नाही.

परिचारिका तरी होत्या कुठे, असे कोणी विचारेल. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने विधवा आणि गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात शुश्रूषेच्या शिक्षणासाठी पाठवायला सुरुवात केली, तेव्हा परक्याचे मलमूत्र काढणे हे कुलीन स्त्रीचे काम आहे का, यावर पुण्यात भरपूर तोंडसुख घेतले गेले. ज्या समाजाला शिक्षिका पचवायला अर्धे शतक लागले त्याला परिचारिका पचवायला आणखी वेळ लागला, आणि शाळेत परिचारिका ही कल्पना तर त्याच्या मनाला शिवलीही नाही. मराठी साहित्यात मास्तर आणि मास्तरीणबाई उदंड आहेत. शाळेतली नर्स शोधून दाखवावी.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. ज्या वर्षी शाहू महाराज गेले त्याच वर्षीची ही घटना, आणि आपल्या विषयाची कलाटणी इथे आहे. सुश्रुतसंहितेने प्रमेहाचे सहज आणि अपथ्यातून आलेला असे दोन प्रकार केव्हाच ओळखले होते, पण जन्मजात प्रकारापुढे वैद्यही हात टेकत, आणि १९२२पर्यंत जगभरच्या डॉक्टरांचीही तीच गत होती: मूल काही महिन्यांत झिजून जाई. त्यामुळे मधुमेही विद्यार्थी असा काही प्रश्नच नव्हता. इन्सुलिनने तो निर्माण केला. थॉम्पसन आणखी तेरा वर्षे जगला. मृत्यूची जागा रोजच्या शिस्तीने घेतली, आणि शालेय आरोग्याचे सारे गणित बदलले. देवी, खरूज, खुपऱ्या, जंत हे पाहुणे आजार. त्यांना वर्षातून एकदा येऊन हुसकता येते. दमा, फिट, हृदयाच्या झडपेचा विकार, सिकलसेल आणि टाइप वन मधुमेह मुलाच्या शेजारी बाकावर बसतात आणि त्याच्याबरोबर दहावीला जातात. तपासणी पहिल्या प्रकारच्या आजारांसाठी घडवली गेली. दुसऱ्या प्रकाराला सोबत लागते. गेल्या शंभर वर्षांत आपल्या सरकारी योजनांनी हा फरक फारसा ध्यानात घेतलेला नाही.

नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६मध्ये लिहून ठेवले की हिंदुस्थानात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच, आणि जिथे आहे तिथे ती बाल्यावस्थेत आहे. १९५३च्या मुदलियार आयोगाने वैद्यकीय तपासणी आणि शाळेतल्या आहारावर भर दिला. १९६०मध्ये रेणुका राय यांची खास शालेय आरोग्य समिती बसली आणि पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. तीन अहवाल, पंधरा वर्षे, आणि निदान एकच. अहवालांची टंचाई या देशाला कधी भासली नाही.

याच पंधरा वर्षांत गारगोटीत एक वेगळी गोष्ट घडत होती. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत १९०७मध्ये जन्मलेले जे. पी. नाईक स्वातंत्र्यचळवळीत बळ्ळारीच्या तुरुंगात गेले, तिथल्या दवाखान्यात त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली, आणि सुटल्यावर धारवाड जिल्ह्यातल्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात शिक्षण आणि आरोग्य हे एकच काम समजून वर्षानुवर्षे राबले. पाटगावच्या मौनी महाराजांचे नाव दिलेले श्री मौनी विद्यापीठ त्यांनी १९५२मध्ये गारगोटीत स्थापन केले, आणि पुढे त्यांच्या पत्नी चित्रा नाईक यांचेही कर्तृत्व त्याच्याशी जोडले गेले. १९५६नंतर केंद्र सरकारने देशात मोजक्या ग्रामीण उच्चशिक्षण संस्था निवडल्या, त्यांत वेदगंगेच्या काठचे हे गाव होते. बालवाडीपासून पदवीपर्यंतचे शिक्षण एका आवारात असावे आणि त्या आवाराला भोवतालच्या खेड्यांच्या शेतीशी, आरोग्याशी, कारागिरीशी देणेघेणे असावे, ही त्यामागची धारणा. हेच नाईक १९६४-६६च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. आणि हेच नाईक, बहुतेकांना ठाऊक नसते, आयुष्याच्या अखेरच्या पर्वात आरोग्याकडे वळले: १९७७मध्ये त्यांनी पर्यायी आरोग्यव्यवस्थेवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, आणि दोन राष्ट्रीय संशोधन परिषदांच्या अभ्यासगटाने ‘सर्वांसाठी आरोग्य’ या विषयावर जो अहवाल १९८१मध्ये दिला, त्यामागची मोठी प्रेरणा त्यांची होती. रुग्णालयांच्या इमारतींपेक्षा लोकांत राहणाऱ्या, लोकांना उत्तरदायी असणाऱ्या आरोग्यसेविकेवर त्या विचाराचा भर होता. त्याच वर्षी नाईक वारले. देशाच्या शिक्षणाचा आणि आरोग्याचा आराखडा एकाच माणसाने हाताळल्याची उदाहरणे विरळा, आणि तो माणूस गारगोटीचा. तरी त्यांच्या पश्चात शिक्षणाची फाइल शिक्षण खात्यात आणि आरोग्याची आरोग्य खात्यात गेली. दोघींची भेट वर्षातून एकदा होते, तपासणीच्या दिवशी.

तो दिवस कसा असतो, ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमावरून पाहावे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला, म्हणजे महाराष्ट्रातच, त्याचा शुभारंभ झाला. दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असे पथक गाडीतून येते, अंगणवाड्या वर्षातून दोनदा आणि शाळा एकदा पाहते. या कार्यक्रमाने हृदयाला छिद्र असलेली, ओठ दुभंगलेली, ऐकू न येणारी कितीतरी मुले शस्त्रक्रियेपर्यंत पोचवली. त्याला कमी लेखणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्याच्या मूळ तीस आजारांच्या यादीत मधुमेह नाही. आणि असता तरी काय झाले असते? टाइप वन काही आठवड्यांत उद्भवतो. ऑगस्टमध्ये पथक येऊन गेले आणि दिवाळीनंतर मूल पाण्याच्या माठाकडे सारखे धावू लागले, तासातासाला लघवीला जाऊ लागले, गणवेश ढगळ होऊ लागला, तर हे दिसणार वर्गशिक्षकाला. आणि त्याला कोणी सांगितलेले नसेल तर तो त्या मुलाला कामचुकार ठरवून बाकावर उभे करणार. उलट्या आणि धाप लागून मूल रुग्णालयात पोचते तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो.

शाहू महाराजांच्या कायद्यातली सक्ती प्रजासत्ताकाने १ एप्रिल २०१०पासून देशभर आणली. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात वर्गखोल्या आहेत, अडथळ्याविना आत येण्याची वाट आहे, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण आहे. आरोग्यखोली नाही, परिचारिका नाही. १९१७ आणि २०१० यांच्यामध्ये भोर, राय आणि नाईक होऊन गेले होते हे लक्षात घेतले की ही गाळलेली जागा अज्ञानाची म्हणता येत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल यांना एकवीस प्रकारांत स्थान दिले. टाइप वन मधुमेह तिथेही बाहेर राहिला. २०२०मध्ये प्रत्येक शाळेतल्या एका शिक्षकाला आणि एका शिक्षिकेला आरोग्यदूत करण्याची योजना आली, अकरा विषयांच्या प्रशिक्षणासह. खिचडीची नोंद, मतदारयादी, लोहाच्या निळ्या-गुलाबी गोळ्या, जंताच्या गोळ्या, आणि आता दूतपद: सावित्रीबाईंच्या पाठीचा पायंडा शासननिर्णयात उतरला, एवढेच.

हालचाल अगदीच नाही असे नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७मध्ये मधुमेही परीक्षार्थींना साखरेच्या गोळ्या, फळ, पाण्याची बाटली परीक्षागृहात नेऊ दिली. केरळने २०१८मध्ये टाइप वनच्या मुलांसाठी ‘मिठायी’ ही योजना काढली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२२मध्ये या आजारावर मार्गदर्शक सूचना दिल्या, आणि २०२३मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या पत्रानंतर उत्तर प्रदेशने आपल्या शाळांना कळवले की अशा मुलाला वर्गात साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधल्या वेळी खाऊ द्या. घेऊ द्या, खाऊ द्या: या आदेशांचे क्रियापद परवानगीचे आहे. दहावीतल्या मुलाला परवानगी पुरते. दुसरीतल्या मुलीला डोस मोजणारे माणूस लागते, आणि आज ते माणूस बहुधा तिची आईच असते, जी रोजगार बुडवून शाळेच्या व्हरांड्यात मधल्या सुटीची वाट पाहत बसते. मुलीच्या बाबतीत आणखी एक पदर आहे, तो या पट्ट्यात कोणालाही विचारल्यास कळेल: पुढे लग्न जमणार नाही या धास्तीने आजार लपवला जातो, आणि लपवलेल्या आजाराचा डोस शाळेत कोण घेणार?

यावर आक्षेप ठरलेला आहे. एका तालुक्यात अशी मुले असून असून किती, आणि त्यांच्यासाठी साठ हजारांवर जिल्हा परिषद शाळांत परिचारिका नेमायच्या का? आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१च्या अंदाजानुसार वीस वर्षांखालील टाइप वनचे भारतीय रुग्ण सव्वादोन लाखांहून अधिक, जगात सर्वाधिक. तरी शाळांच्या संख्येत विभागले की आक्षेपात तथ्य उरते हे मान्य केले पाहिजे. पण त्यात फिट येणारे मूल मिळवा, जिथे अजून कांदा हुंगवला जातो. दम्याचा पंप दप्तरात लपवणारे, रक्त कमी असलेली, पाळीच्या दिवसांत घरी राहणारी मुलगी मिळवा, आणि मग एका शाळेला नव्हे, एका केंद्राला परिचारिका मागा. आठ-दहा शाळांचे केंद्र आणि त्याचा केंद्रप्रमुख ही रचना शिक्षण खात्याकडे तयार आहे. उपकेंद्रात नर्सबाई आहेत, २०१८नंतर अनेक ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारीही आले आहेत, ज्यांच्यात नर्सिंगचे पदवीधर पुष्कळ आहेत. लीना रॉजर्सकडेही चारच शाळा होत्या.

अडते ते टेबलांवर. इन्सुलिन ग्रामीण रुग्णालयात, जे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत. नर्सबाई उपकेंद्रात, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखाली. मूल शाळेत, शिक्षणाधिकाऱ्यांच्या हजेरीपटावर. यातली शेवटची दोन टेबले १ मे १९६२पासून एकाच जिल्हा परिषदेची, एकाच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या सहीखाली आहेत, आणि तरी आजारी विद्यार्थ्याचा असा एकही कागद नाही ज्यावर मुख्याध्यापक आणि नर्सबाई या दोघांच्या सह्या असतात. इंग्लंडच्या शाळांवर २०१४च्या कायद्याने अशा मुलांना आधार देण्याची जबाबदारीच टाकली आहे आणि मुलागणिक लेखी आराखडा तिथे रूढ आहे. इथे त्यासाठी विधिमंडळाचीही गरज नाही, एका परिपत्रकाने काम भागते. सुई टोचली आणि काही झाले तर, या शिक्षकाच्या रास्त भीतीलाही तोच कागद उत्तर देतो: त्यावर डॉक्टरांनी लिहिलेला डोस, पालकांची संमती, साखर कमी झाल्याची त्या मुलाची नेमकी लक्षणे, इन्सुलिन कुठल्या थंड जागी ठेवले आहे, किल्ली कोणाकडे आहे, कोणाला फोन करायचा, मुदाळ तिट्ट्यावरून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाकडे न्यायची वेळ आली तर गाडी कोणाची. आणि आणखी एक रकाना, जो मुंबईत बसून लिहिणाऱ्याला सुचणार नाही: जुलै-ऑगस्टमध्ये पाटगाव-कडगावच्या अंगाला ओढे रस्त्यावर येतात, त्या दिवशी नर्सबाई पोचल्या नाहीत तर डोस कोण मोजणार, त्या माणसाचे नाव.